साहोली आणि घोयऱ्याच्या अटी

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला पटायचं नाही. नका पटवून घेऊ. मागे एकाला पटलं नव्हतं, तर त्याची चूल आठ दिवस पेटली नाही... तेवढं मात्र ध्यानात असू द्या.

आपल्याच आंबोहिमेना गावात, जंगलाच्या अंगाला, लोवा नावाचा एक तरुण राहायचा. शहरातल्या कुणा साहेबानं पाहुण्यांना दाखवायला तिथं जाळीचे मोठाले पिंजरे बांधले होते आणि त्यांत घोयरे ठेवले होते. तेच ते रंग बदलणारे सरडे, ज्यांचा एक डोळा पूर्वेला तर दुसरा पश्चिमेला. त्यांची देखभाल लोवाकडे. त्यातल्या एका म्हाताऱ्या घोयऱ्याची जीभ इतकी लांब, की नदीपलीकडची माशी तो अलीकडून टिपायचा आणि पलीकडचे लोक ‘आमची माशी चोरली’ म्हणून भांडायला यायचे.

पण घोयऱ्याला शिवायचं नाही ही पूर्वजांची ताकीद. म्हणून लोवाच्या हातून कुणी काही घ्यायचं नाही, त्याच्या हाती कुणी काही द्यायचं नाही. दुकानदार तांदळाची पिशवी पायरीवर ठेवून मागे सरायचा, मग लोवा ती उचलायचा. लोवालाही कुणाला काही द्यायचं झालं तर ते जमिनीवर ठेवायचं आणि दोन पावलं मागे. कुणाच्या मनात वाकडं नव्हतं, रीतच तशी. पण आठ वर्षांत माणसाचा हात गार असतो की ऊबदार, हे तो विसरून गेला होता.

अशात राजधानीहून साहोली आली. पाऊस मोजायला. टेकडीवर सरकारनं एक नळकांडं उभं केलं होतं. त्यात किती पाणी साचलं ते रोज सकाळी बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच तिचं काम. टेकडीवरच एक खोली होती, तिथं ती एकटीच. एका धुकट सकाळी ती पिंजऱ्यांपाशी येऊन उभी राहिली. केसांतून पाणी निथळत होतं, खांद्यावर नारिंगी चौकडीची शाल.

“मला एक घोयरा हवाय,” ती म्हणाली.

“कशाला?”

“बोलायला कुणी नाही.”

“मग पोपट घ्या. हा बोलत नाही.”

“ऐकतो तरी?”

“कानच नाहीत त्याला, बाई.”

“बघतो ना?”

“बघतो. पण एक डोळा तुमच्यावर, दुसरा दाराबाहेर.”

“म्हणजे नवऱ्यासारखाच की,” ती म्हणाली आणि शालीत तोंड लपवून हसली.

लोवाला हसायची सवय नव्हती. त्यानं घाईघाईनं एक डहाळी तोडली, उगीचच. “असा लगेच मिळत नाही. सात दिवस रोज यायचं. रोज एक अट सांगेन. आठव्या दिवशीही हवासा वाटला तर देईन.”

अटी खऱ्या किती होत्या आणि तिनं रोज यावं म्हणून किती लांबवल्या होत्या, ते लोवालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं, “वाटीत पाणी ठेवलं तर तो तहानेनं मरेल. साचलेलं पाणी त्याला दिसतच नाही. पानावरून थेंब ओघळायला हवा.”

“थेंब मोजण्याचाच पगार घेते मी. पुढे?”

पुढची अट किड्यांची. जिवंत हवेत, रोज हवेत. तिनं नाक मुरडलं, पण दुसऱ्या दिवशी चांगले नऊ नाकतोडे पुडीत बांधून घेऊन आली. मग उन्हाची अट. “सकाळचं ऊन अंगावर घेतल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही.”

“तुमच्या गावात ऊन पडतं?”

“पडतं ना. पाऊस श्वास घ्यायला थांबला की.”

पाचव्या दिवशी तो म्हणाला, “दुसरा घोयरा जवळ ठेवायचा नाही. आरशात स्वतःचं रूप दिसलं तरी हा रागानं काळा पडतो.”

“मग मी आरसा काढून ठेवू? भांग कसा पाडायचा?”

“कुणीतरी सांगेल... सरळ आहे की वाकडा.”

“कोण सांगेल?”

लोवा जाळीची गाठ घट्ट करत बसला. ती आधीच घट्ट होती.

“आज वाकडाय का?” तिनं विचारलं.

“थोडासा... डावीकडे.”

तिनं तो नीट केला नाही. तसाच घेऊन गेली.

सहाव्या दिवशी ती आल्या आल्या म्हणाली, “बायका म्हणतात, घोयरा ठेवला तर माझा उंबरठा कुणी ओलांडणार नाही.”

“हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.” लोवाचा आवाज खाली गेला. “घरात तो आला की माणसं जातात, साहोली. आणि तो स्वतः तीन-चार वर्षांचाच पाहुणा. कुशीत येत नाही, हाक ओळखत नाही. हातात घेतलंत तर सोसेल, पण आवडणार नाही त्याला. तुम्हीच प्रेम करायचं... एकतर्फी.”

“आत्ता तरी माझा उंबरठा कोण ओलांडतं?” ती म्हणाली. पानांवरून पाणी टपटपत होतं. “घोयऱ्याला काय काय लागतं ते सगळं कळलं. त्याला सांभाळणाऱ्याला काय लागतं?”

लोवाच्या ओठांवर उत्तर आलं होतं. अख्खं. पण तो म्हणाला, “त्याला... सवय होते.”

आठव्या दिवशी ती आली तेव्हा हातात कागद होता. राजधानीत बदली. गाडी गुरुवारची, म्हणजे उद्याची. “राहा म्हणणारं कुणी असलं,” ती जाळीकडे बघत म्हणाली, “तर कागदाचं काय, फाटतोही.” आणि तिनं हात पुढे केला. तळवा वर, बोटं उघडी. “द्या माझा घोयरा. तुमच्या हातानं.”

लोवानं सगळ्यात देखणा घोयरा फांदीसकट काढला. आणि आठ वर्षांच्या सवयीनं, बरं का, निव्वळ सवयीनं, त्यानं ती फांदी दोघांमधल्या दगडावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरला.

साहोली दगडाकडे बघत राहिली. मग तिनं बोटं मिटून घेतली. “कळलं,” म्हणाली. फांदी तिनं उचलली नाही.

काय चुकलं ते लोवाला कळेपर्यंत शाल धुक्यात दिसेनाशी झाली होती. तो टेकडीपर्यंत धावला. दार ओढलेलं होतं. दारापासून दोन पावलांवरच तो थांबला... आणि सकाळी गाडी गेली.

पण थांबा, रडू नका. गोष्ट इथं संपत नाही. तीन महिन्यांनी, गुरुवारीच, चौकात गाडी थांबली. टपावर कोंबड्या, गाद्या, एक शिवणयंत्र, आणि खाली उतरली कोण? साहोली. त्या क्षणी पिंजऱ्यातले सगळे घोयरे एकदम नारिंगी झाले, तेही चौकडीचे. तिनं हात पुढे केला. या खेपेला लोवानं जमिनीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या तळव्यावर त्यानं आपला तळवा ठेवला... ऊबदार होता तो, पोरांनो. चांगला ऊबदार. मग लग्न लागलं, रीतीप्रमाणे बैल कापला, सात मुलगे नि सात मुली व्हाव्यात म्हणून म्हाताऱ्यांनी आशीर्वाद दिले, आणि ते चौदाच्या चौदा—

मागे भिंतीला टेकून बाकोलीम्हातारी शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“लोवा,” ती म्हणाली, “त्या साली वादळात पूल वाहून गेला होता. तीन महिने उलटले, भाताची कापणी झाली, तरी इकडं एक गाडी आली नव्हती. दर गुरुवारी नवा सदरा घालून तू त्या तुटक्या टोकावर बसायचास. मी धुणं धुताना बघायचे.”