खालच्या नऊ घरांचं पाणी

दार लोटून घ्या रे. नुसतं लोटा, कडी नको, तुमची आई यायची आहे अजून. आणि ए शहाण्या, तो मोबाइल उलटा ठेव. त्याचा उजेड तोंडावर पडला की तूच भुतासारखा दिसतोस, मग मी काय वेगळं सांगायचं?

तर ऐका. मी कोर्टात पुकारा करायचो तेव्हापासून या माणसाला ओळखतो. एका वकिलाचा कारकून. इतका वाळकुडा आणि इतका नीटनेटका की आम्ही सगळे त्याला टाचणी म्हणायचो. थापा मारणाऱ्यांतला नव्हे. उलट तुम्ही विनोद केलात तर तो 'याला पुरावा काय' म्हणून विचारायचा. त्याने हे मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना चहा तसाच गार झाला त्याचा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्टचा दुसरा शनिवार. कोर्टाला सुट्टी. टाचणी दुपारी जेवून जरा लवंडला होता, तेवढ्यात वकीलसाहेबांचा फोन. "रेनकोट घे, बॅटरी घे आणि बंगल्यावर जा. रात्रभर विहिरीपाशी बसायचं. उद्या दिवस उगवेपर्यंत कोण पाणी न्यायला येतं ते बघायचं. कोणी येणार नाहीच. तेच उद्या शपथेवर सांगायचं."

टाचणी ताडकन उठून बसला. कारण हे काय प्रकरण आहे ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखात पाण्याचा कसला आलाय खटला! अरे, पाऊस चार महिने पडतो. धो धो पडतो आणि उतारावरून नदीत पळून जातो. फेब्रुवारी उजाडला की नळाला नुसती हवा. फुस्स. त्या टेकाडावर बारमाही पाणी म्हणजे एकच विहीर, आणि ती बंगलेवाल्यांच्या आवारात. उताराखाली नऊ घरं. त्यांची पाण्याची वाट बंगल्याच्या कुंपणातून जायची. बंगलेवाल्यांच्या वडिलांनी ती बंद करायला घेतली, तेव्हा खालची एक विधवा बाई उठली आणि तडक कोर्टात गेली. बरीच वर्षं घासाघीस झाली. शेवटी तडजोड ठरली, कोर्टाच्या शिक्क्यासकट. खालच्या नऊ घरांपैकी कोणीतरी रोज एक तरी भांडं पाणी न्यायचं. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयाच्या आत. एक दिवस चुकला की सगळ्यांचा हक्क संपला, वाट कायमची बंद.

म्हाताऱ्या मालकाला वाटलं, कोण रोज चढून येतंय? महिन्याभरात कंटाळतील लेकाचे. आणि कंटाळलेच की! नळ आला तशी आठ घरांनी विहिरीकडे पाठ फिरवली. ती बाई तेवढी जात राहिली. तापात गेली, सुनेच्या बाळंतपणात गेली. मुसळधार पावसात एका हातात छत्री, कमरेला घागर. लोक हसायचे. "आजी, डोक्यावर पडतंय ते कमी आहे का?" त्यावर ती म्हणायची, "हसा. फेब्रुवारीत माझ्याच दारात याल." आणि यायचे, निमूट रांग लावायचे.

पुढे म्हातारे मालक गेले, मुलगा मालक झाला. त्याला विहिरीवर टँकर भरून विकायचे होते. तडजोड मोडायला तो तारखांवर तारखा घ्यायचा आणि आजी प्रत्येक तारखेला हजर. टाचणी समोरच्या पक्षाचा कारकून, पण तिला त्याचं काय! बाकावर त्याच्याच शेजारी बसायची. "माझी तारीख कधी रे लेका?" टाचणीची आई लहानपणीच गेलेली. त्याला ते 'लेका' फार लागायचं.

तर ही आजी शुक्रवारी संध्याकाळी गेली. बसल्या जागी, भिंतीला टेकून. त्या दिवसाचं पाणी सकाळीच आणून ठेवलेलं होतं. शनिवारी सकाळी नऊच्या नऊ घरं कुलपं लावून तिला पोहोचवायला नदीपलीकडे गेली. पोरंबाळंसुद्धा. त्या गडबडीत कोणाला घागरीची आठवण राहिली नाही. दुःखात माणूस पाण्याचा हिशोब करत नाही रे. दुपारी नदीला लोंढा आला आणि पूल पाण्याखाली. सगळे पलीकडे अडकले.

बंगलेवाल्यांना हे कळल्यावर त्यांनी पहिला फोन वकिलांना केला. दुसरा फोन टाचणीला आला.

संध्याकाळी तो विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीत जाऊन बसला. पत्र्याचं छप्पर, त्यावर पावसाचा ताशा. एक मोडकी खुर्ची, गंजलेलं पान्ह्यांचं खोकं, थर्मास. रात्री दहाच्या सुमारास त्याचा फोन वाजला. आजीची सून. तारखांना यायची, तेव्हाचा नंबर तिच्याकडे होता.

"दादा, तुम्ही तिथे आहात असं कळलं."

"हो वहिनी. आजींचं ऐकून... वाईट झालं."

"दादा, पाणी राहिलं हो. माझ्या लक्षातच नाही आलं. आत्यांना ठेवून मी कशी... तुम्ही एक घागर काढून आमच्या ओट्यावर ठेवाल का? तेवढंच. पाया पडते तुमच्या."

टाचणीने डोळे मिटले. "वहिनी, मी काढून उपयोग नाही. कागदात खालच्यांपैकी कोणीतरी असं आहे. मी खालचा नाही."

ती रडायला लागली. हुंदका दाबून. मग फोन तुटला, तो पुन्हा लागलाच नाही.

टाचणीला स्वतःची लाज वाटली. कायदा बरोबर सांगितला होता त्याने, अगदी अक्षरन् अक्षर. पण नऊ घरांचं पाणी उद्या त्याच्या एका सहीने जाणार होतं, आणि ते त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. एकदा वाटलं, उठावं आणि घरी जावं. पण नोकरी होती, घरी बायको होती. बसून राहिला.

दीडच्या पुढे पाऊस थांबला.

म्हणजे कसा, एकदम. नळ बंद केल्यासारखा. इतका वेळ पत्र्याचा आवाज कानात बसलेला, तो गेल्यावर कान दुखायला लागले त्याचे. पागोळ्या ठिबकत होत्या, मग त्याही थांबल्या. बेडूक ओरडत होते. तेही.

आणि कप्पी वाजली.

कर्र... कर्र...

वारा असेल म्हणून तो दारात आला. वारा नव्हता. एक पान हलत नव्हतं. त्याने बॅटरी मारली.

विहिरीवर कोणी नव्हतं. दोर खाली चालला होता.

खाली... खाली... मग पाण्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज. बुडबुड. आणि दोर वर यायला लागला. सरसर नाही. एक हात, थांबणं. एक हात, थांबणं. म्हातारं माणूस मध्ये मध्ये दम खातं ना, तसं.

टाचणी म्हणाला, पळायचं माझ्या मनात होतं, पायांच्या नव्हतं.

दोर थांबला. विहिरीच्या कठड्यावर घागर टेकली. पितळेची, पोचे पडलेली. काठोकाठ भरलेली.

मग अगदी जवळून...

"लेका... हात लाव जरा."

तुम्हाला ठाऊक आहे ना, भरलेली घागर एकट्याला डोक्यावर घेता येत नाही. कोणीतरी हात लावावा लागतो.

टाचणीने बॅटरी खाली ठेवली. का ठेवली, ते त्याला अजून सांगता येत नाही. पुढे झाला. घागरीला दोन्ही हात घातले. जड. बर्फासारखी गार. उचलली. छातीपर्यंत... तोंडापर्यंत...

आणि वजन गेलं.

हातातून कोणीतरी अलगद घ्यावं, तसं. हात रिकामे. समोर अंधार. खालच्या वाटेने पाणी हिंदकळत चाललेलं ऐकू येत होतं. पावलं नाहीत. फक्त पाणी.

टाचणी मटकन खाली बसला आणि रडला. भीती होतीच, ती काय कमी होती? पण तो म्हणाला, मला बरंही वाटलं रे. सुटलो असं वाटलं.

त्याला वाटलं, झालं. एका भांड्याची अट होती.

कर्र... कर्र...

पुन्हा दोर. या वेळी कठड्यावर स्टीलची कळशी. कोणाची होती कोण जाणे.

"हात लाव..."

मग एक निळा प्लॅस्टिकचा कॅन, मुठीला सुतळी बांधलेला. मग अॅल्युमिनियमचं पातेलं. प्रत्येक वेळी निराळं भांडं. प्रत्येक वेळी तोच आवाज. टाचणीच्या दंडात पेटके आले. पाठ मोडली. तो नको म्हणाला नाही. हात लावत राहिला. भांडी खाली जात राहिली.

पूर्वेला जरा फटफटलं असेल-नसेल. दोर शेवटचा वर आला.

तांब्याची घागर. नवी. चकचकीत. खालच्या घरांतली नव्हे ती.

"लेका..."

आवाज बदलला होता. गोड नव्हता.

त्याने हात लावला. वजन गेलं.

आणि पाणी हिंदकळत निघालं... पण खाली नाही.

वर.

बंगल्याकडे.

टाचणीने वर पाहिलं. वरच्या मजल्यावर एक खिडकी होती, काळीकुट्ट. तिच्याकडे तो नुसता बघत राहिला. मग सूर्य आला.

सकाळी वकीलसाहेब गाडी घेऊन आले. प्रतिज्ञापत्र टाइप करून आणलेलं, सहीची जागा सोडून. बंगल्याच्या व्हरांड्यात टाचणीला उभं केलं.

"कोणी आलं होतं?"

"आलं होतं."

"काय? कोण?"

"खालच्यांपैकी."

"शुद्धीवर आहेस का? खालचं चिटपाखरू नाही अलीकडे. सगळे त्या म्हातारीला जाळायला गेलेत."

"साहेब, कागद तुम्हीच मला पाठ करायला लावलात. खालच्यांपैकी कोणीतरी, एवढंच आहे त्यात. जिवंत असावं असं कुठे लिहिलंय?"

वकीलसाहेब काहीतरी खेकसणार, इतक्यात वरून किंकाळी आली. बंगलेवाल्यांची बायको.

सगळे जिना चढून धावले. बाई मुलीजवळ दुसऱ्या खोलीत झोपली होती, ती नवऱ्याला उठवायला आली तर दार आतून बंद. त्याने कशीबशी कडी काढली होती आणि पुन्हा पलंगाच्या कडेला जाऊन बसला होता. पांढराफटक. त्याच्या उशीला लागून तांब्याची घागर उभी होती. एरवी ती त्यांच्याच दिवाणखान्यात प्लॅस्टिकची फुलं घालून ठेवलेली, शोभेची. आता पाण्याने काठोकाठ. गादी कोरडी, जमीन कोरडी. खिडक्यांना आतून खिट्ट्या.

नोकराने घागर उचलायला हात घातला. हलेना. दुसरा आला. दोघांनी मिळून जोर लावला. वरचं पाणीसुद्धा थरथरलं नाही.

बंगलेवाल्यांनी मान वर केली. टाचणीकडे बघून म्हणाले, "तू बघ रे. तू जरा हात लाव."

टाचणी म्हणाला, "साहेब... मी लावला होता."

बस. वकीलसाहेबांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि जिना उतरले.

दुपारी पूल मोकळा झाला. खालचे परत आले. कुलपं निघाली. प्रत्येक स्वयंपाकघरात ज्याचं त्याचं एक भांडं भरून ठेवलेलं होतं. सुनेने पितळी घागर बघितली, आणि दोन दिवस रडू आवरून धरलेली ती आत्ता मोठ्याने रडली. सोमवारपासून ती रोज पाण्याला जाते. आता आठ घरांच्या बायाही जातात तिच्याबरोबर. बंगल्याचं फाटक उघडं असतं.

टाचणीने नोकरी सोडली. आता झेरॉक्सचं दुकान आहे त्याचं, बरं चाललंय.

ती घागर? आहे ना. बंगलेवाले खालच्या मजल्यावर झोपतात. वरच्या खोलीला कुलूप आहे, पलंगसुद्धा कोणी हलवला नाही. त्यांची बायको महिन्या-दोन महिन्यांनी कुलूप काढते, दारातूनच बघते आणि लावते. दोन उन्हाळे गेले, नळ दोनदा आटला. पाणी अजून काठोकाठ आहे, आणि वर धूळ बसत नाही. परवा बघितलं तेव्हा म्हणे त्यात बोट बुडवल्यासारखं एक वर्तुळ उमटत होतं... अगदी ताजं.