दिर्चे काय म्हणत होती

लिलियाना, बस अशी जवळ. भाची म्हणून तुलाच सांगते, त्रिएस्तेच्या महोत्सवातून मी तडकाफडकी का निघून आले ते.

एकाहत्तर साली रोममध्ये मी पडद्यावरच्या नट्यांना आवाज द्यायचे. तेव्हा शूटिंगच्या वेळी आवाज धरतच नसत, सगळा नंतर भरायचा. दिर्चे वाल्मारिन या नटीच्या सगळ्या भयपटांतला आवाज माझा. एका चित्रपटात तिला जिवंतपणी शवपेटीत कोंडतात. झाकणाला काच होती. माझ्या कागदावर नुसतं 'किंकाळी' लिहिलेलं, पण तिचे ओठ म्हणत होते, "काढा मला... श्वास कोंडतोय... खरंच..."

मी दिग्दर्शकाकडे पाहिलं. "कळलंय मला," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर तो शॉट ठेवलाय. तू ओरड."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिर्चे स्वतः आली. पेटीचं झाकण ठोकून दुखावलेल्या दोन्ही मनगटांना अजून पट्ट्या.

"फिओरेंझा, मी म्हणतेय तेच म्हण गं. लोकांना कळू दे."

"माझ्या हातात काय आहे?" मी म्हटलं.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या काचेपलीकडे ती उभी असताना मी ओरडले. इतकं झकास, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला आनंद झाला, लिलियाना. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. दिर्चेनं पुन्हा काम केलं नाही. तीन वर्षांनी वारली.

त्रिएस्ते तिचं गाव. परवा दुपारी तिथं तोच चित्रपट लावला आणि माझा सत्कार ठेवला. तो प्रसंग आला तशी मी मान खाली घातली. ठरवलं, आज सांगायचंच. मंचावर जाऊन माईक धरला. म्हटलं, "त्या पेटीत ती अभिनय करत नव्हती. तिचा जीव जात होता. मला माहीत होतं." एकेक शब्द मला नीट ऐकू आला.

पहिल्या रांगेतली माणसं दचकून मागे सरली. मग सगळं सभागृह टाळ्या वाजवत उठलं. आयोजक डोळे पुसत म्हणाला, "या वयातही तीच किंकाळी, बाई..."

"अहो, मी बोलले..." मी म्हटलं. तर तो आणखी जोरात टाळ्या वाजवायला लागला.

तेव्हापासून तोंड उघडलं नाही. स्टेशनवर तिकीटसुद्धा खुणेनं मागितलं. आज तुझ्यापाशी पहिल्यांदा बोलतेय.

अगं, कानांवर हात का ठेवलेस? मी तर हळूच बोलतेय... आणि खालच्या मजल्यावरची माणसं आपलं दार का ठोठावताहेत?