दोन दिवसांसाठी विट्याला

पंकज सूर्यवंशी तासगावात राहत होता आणि त्याच्या आठवणी मिरजेत. याचं आता कुणाला नवल वाटत नसे. मेंदूच्या झटक्याने ज्यांची स्मरणशक्ती जाई, त्यांच्या कानामागे बटणाएवढा दुवा बसवत आणि आठवणी मिरजेच्या स्मृतिकोठारातल्या सर्व्हरवर ठेवत. चहा तासगावात प्यायचा, पण त्यात आलं आवडतं की नाही ते मिरजेहून कळायचं.

सर्व्हर अवाढव्य, म्हणून संथ. बायको समोर आल्यावर ही कोण हे आठवायला मिनिटभर लागलं, तर संसार चालायचा कसा? यासाठी सर्व्हरमध्ये प्रत्येकाच्या नावाचा एक त्वरक असे. हे पंजाएवढं कार्ड रोज लागणाऱ्या आठवणी हाताशी ठेवी. मीठ-मसाला फळीवर आणि दिवाळीची भांडी माळ्यावर, तसंच.

पंकजच्या बायकोला, स्वप्नालीला, कोठारातल्या इंजिनिअर अलिना शिकलगारने मिरजेला बोलावून घेतलं.

“काकू, काकांच्या त्वरकातला एक कप्पा झिजलाय.”

“झिजायला त्यात चाकं आहेत का?”

“चाकं नाहीत, पण या चिपवर लिहिलं की दर वेळी थोडी झीज होतेच. आणि आपण आठवण नुसती वाचत नाही. आठवली की तिच्यात आजचं काहीतरी घालून परत ठेवतो. म्हणजे पुन्हा लिखाण.”

“कुठली आठवण आहे?”

“आतलं आम्हाला वाचता येत नाही. कप्पा कधी उजळतो तेवढं दिसतं. हा बघा आलेख. दिवसभर उजळतोय. फक्त या रविवारी अंधार आहे.”

त्या रविवारी स्वप्नाली बारशाला गेली होती. तिला आधी आनंद झाला, मग भीती वाटली. तो कप्पा म्हणजे तीच होती. ती जितकी नवऱ्याजवळ राहील, तितकी लवकर पुसली जाणार होती.

“दुसऱ्या चिपवर उतरवून घ्या की.”

“जागा बदलली की मेंदूला ती सापडत नाही. उपाय एकच, नवं फर्मवेअर. म्हणजे कार्डाच्या अंगात मुरलेले नियमच बदलायचे. त्या कप्प्याला कुलूप बसेल. काका तुम्हाला शेवटपर्यंत ओळखतील, पण तुमच्याबद्दल नवं काही त्यांच्या लक्षात राहणार नाही.”

“भांडले तरी?”

“विसरतील.”

“ते तर लग्नापासूनच चालू आहे,” स्वप्नाली म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

कुलूप बसेपर्यंत झीज नको, म्हणून अलिनाने तिला घरापासून दूर राहायला सांगितलं. पंकजला कशाला घोळात घ्यायचं? “विट्याला भावाकडे जाऊन येते हं, दोन दिवसांत परत,” एवढंच ती म्हणाली. तो हिरमुसला, पण भावासाठी बेदाणा त्यानेच बांधून दिला.

ती परतली तेव्हा तो दारातच बसला होता. “आलीस? करमत नव्हतं बघ,” म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. स्वप्नाली सुखावली. आत जाऊन ती दूध तापवून बाहेर आली.

“आलीस?” पंकज म्हणाला. “करमत नव्हतं बघ.”

तिने अलिनाला फोन लावून घडलं ते सांगितलं.

“कुलपाआधी शेवटचं लिहिलं गेलं ते तुमचं जाणं. माझ्याच लक्षात यायला हवं होतं, काकू. कुलूप एकदा उघडून तुम्ही काकांना ‘आले, आता कुठे जात नाही’ म्हणालात, तर तेवढं लिहिलं जाईल. पण कप्पा तेवढं सोसेल याची खात्री नाही.”

“आणि समजा, मी मेले?”

“सांगितलं तर रडतील. थोड्या वेळाने विसरतील.”

“मग मी कुठे आहे असं वाटेल त्यांना?”

“विट्याला,” अलिना हळूच म्हणाली.

“असू दे मग कुलूप.”

फोन ठेवून तिने मुलाला, विहानला, जवळ बसवलं. “मी गेल्यावर बाबांना रडवत बसू नकोस. विट्याला गेलीय, परवा येते, म्हणायचं.”

“रोज?”

“रोज.”

“पण आई, मग ते दारातच बसून राहतील ना?”

हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

“दुपारी त्यांची खुर्ची सावलीत घेत जा,” ती म्हणाली.