एकाहत्तर गटांचं एक हृदय

कागलच्या कारखान्यात सकाळच्या चहाला शलाका इंगवलेने एक निर्णय घेतला. दुपारच्या जेवणाआधी तो अठरा हजार माणसांच्या छातीत पोहोचला होता. कुणाची सही लागली नाही, कारण 'लयधारा' कंपनीत सही करणारं कुणी नव्हतंच.

हृदयाचे ठोके सांभाळणारे पेसमेकर बनवणाऱ्या या कंपनीने सहा वर्षांपूर्वी मुख्यालय बंद केलं. उरले नऊ-नऊ जणांचे एकाहत्तर गट. गटाने सुधारणा शोधायची, स्वतःच तपासायची. मग 'दुवा' नावाची संगणकप्रणाली ती रुग्णांच्या यंत्रांत बिनतारी उतरवी. एका नव्या मोबाइलच्या लहरींनी यंत्रं गोंधळू लागली, तेव्हा चंद्रपूरच्या गटाने दोन दिवसांत तोड काढली होती. इतर कंपन्यांच्या समित्या आठ महिने बसल्या.

शलाकाचा निर्णय साधा होता. माणूस झोपला की ठोके थोडे कमी ठेवायचे. बॅटरी दोन वर्षं जास्त टिकते.

तीन आठवड्यांनी कोल्हापूरच्या गुजरीत, सराफ बाजारात, अनंत पोतदार नावाचे कारागीर भरदुपारी हिऱ्याचा खडा बसवता बसवता कोसळले. त्यांच्या पेसमेकरची नोंद शलाकाच्या गटाकडे आली. तिचा सहकारी दस्तगीर मुजावर बराच वेळ ती वाचत राहिला.

"यंत्राने त्यांना झोपलेलं समजलं," तो म्हणाला.

"दुपारी बारा वाजता?"

"नाशिकच्या गटाने झोप ओळखायची रीत बदललीय. हालचाल नाही म्हणजे झोप. खडा बसवताना हा माणूस तासभर हलत नाही. त्यात अमरावतीने झोपेतले ठोके आणखी खाली आणलेत. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर आहे. तिन्ही एकत्र कुणी तपासलंच नाही."

शलाकाने ताबडतोब आपला बदल मागे घेतला. पडद्यावर 'दुवा'चं उत्तर आलं : 'इतर गटांना कळवले आहे. त्यांचा निर्णय त्यांचा.'

तिने कंपनीच्या संस्थापक रेवती कानिटकरांना फोन लावला. "मॅडम, सगळं एकदम थांबवायची सोय असेल ना?"

"होती. मीच काढून टाकली. वर कुणी आहे म्हटलं की माणसं त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. आपला वेग आला तो वर कुणी नव्हतं म्हणूनच. त्या सोयीची गरज पडेल असं मला खरंच वाटलं नव्हतं, शलाका."

गटांनी कामचुकारपणा केला नाही. उलट सगळे धावले. कुणी ठोके वाढवले, कुणी झोपेची व्याख्या बदलली, कुणी शलाकाने मागे घेतलेला बदल अजून आहेच असं गृहीत धरून दुरुस्ती केली. चार वाजेपर्यंत दस्तगीरने एकमेकींवर चढलेल्या एकोणीस दुरुस्त्या मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं.

शलाका एकेका रुग्णालयाला फोन करत होती. डॉक्टर यंत्र जुन्या चालीवर आणत. अर्ध्या तासात 'दुवा' त्यावर नवी दुरुस्ती चढवी.

संध्याकाळी ती पोतदारांना भेटायला गेली. ते शुद्धीवर होते, उशीला टेकून निश्चल पडले होते. शेजारच्या पडद्यावर ठोक्यांचा आकडा अठ्ठावन्नवरून एकाहत्तरवर गेला, मग चौसष्टवर आला. शलाकाने आपण कोण ते सांगितलं, झालेली चूक सांगितली.

"तुमचा बदल तुम्ही काढलात म्हणता," पोतदार म्हणाले. "मग ताई, आत्ता या घडीला माझ्या छातीतलं हे कोण चालवतंय?"