तीन फ्रेट झिजलेली गिटार

आमच्या घरात एक नियम होता. मागच्या खोलीचं दार आतून वाजलं, तर ओ द्यायची नाही. का, ते विचारायचं नाही.

लहानपणी मी ते दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा भर दुपारी, तीनच्या सुमाराला. टक टक टक. थोडं थांबून पुन्हा तीन. खोलीला बाहेरून कडी, आत जुन्या बॅगा, घडीची खाट आणि मोडका पंखा. मोठी आत्या म्हणाली, लाकूड फुगतं. मी सात वर्षांची होते, तरी एवढं कळत होतं की लाकडाला ओ दिली तर कुणाचं काही बिघडत नाही. तसं मी म्हणाले. त्यावर आत्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्या धाकानं पुढचे दोन दिवस मी घरात पावलंसुद्धा वाजू दिली नाहीत.

घरात आम्ही तिघंच. आई मी चार वर्षांची असताना गेली. बाबांचं चष्म्याचं दुकान. लोकांना नीट दिसावं म्हणून जन्मभर धडपडले, घरात मात्र डोळ्यांवर कातडं ओढून बसले. आणि त्यांची बहीण, मोठी आत्या, शाळेतून पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाली तरी किल्ल्यांचा जुडगा कमरेवरून न उतरवलेली. मला तिनंच वाढवलं. वेण्या घातल्या, पाढे घेतले, तापात उशाशी बसली. ते मी विसरलेले नाही. पण मला आत्या एकच, आणि तिला सगळे म्हणणार मोठी आत्या. मोठी कुणापेक्षा, हेही विचारायचं नव्हतं.

आता गिटारचं सांगते.

कॉलेज संपल्यावर मी एका छापखान्यात मजकूर तपासायला लागले होते. आम्हा मैत्रिणींचा बँड होता. पुढच्या महिन्यात पहिला कार्यक्रम, आणि ज्या मुलीची गिटार मी वापरत होते, ती मुलगी गिटार घेऊन परगावी निघून गेली. माझ्या ऐपतीत नवी इलेक्ट्रिक गिटार यायची, पण कशी? बाहेरून आरशासारखी चकचकीत, आणि मानेच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची, म्हणजे तारांखालच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं करवतीसारखी बोटाला लागणार. म्हणून मी सोल्डरकाकांकडे गेले. वाद्यं दुरुस्त करायचं त्यांचं छोटं दुकान. बोटांवर सोल्डरिंगचे इतके डाग की हे नाव त्यांना का पडलं ते विचारावंच लागत नाही.

"रंग बघून घ्यायची असेल तर समोरच्या दुकानात जा," ते म्हणाले. "वाजवायची असेल तर बस."

मी बसले. त्यांनी एकेक गिटार पुढ्यात ठेवली. बुडाकडून एक डोळा मिटून मान बघायला लावली, सरळ आहे की पिळलीय. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवायला लावली, कुठे तार भुणभुणते का. नॉब फिरवून खरखर ऐकवली. पहिल्या तीन गिटारी मीच नाकारल्या आणि ते खूश झाले. मग माळ्यावरून एक फिक्या निळ्या रंगाची काढली.

"ही माझ्या वडिलांच्या वेळची. तेव्हापासून पडून आहे. रूप नाही, पण अंगात दम आहे."

मान सरळ होती. मागच्या बाजूला किल्लीनं ओढल्यासारखा एक खोल चरा. पण माझं लक्ष फ्रेटवर गेलं. पहिल्या तीन फ्रेटवर तारांखाली खोल खाचा पडल्या होत्या. चौथ्यापासून पुढे सगळे कोरे, जसे कारखान्यातून आले तसे.

"हे असं कसं, काका?"

"नुकतं शिकणाऱ्याची असणार. तीनच कॉर्ड येत असतील. पण घोटल्यात बघ किती. आणि मग एकदम सोडून दिलंय." ते फ्रेटवरून बोट फिरवत राहिले. "एक बाई देऊन गेली म्हणे. वडील पैसे मोजेपर्यंत थांबलीसुद्धा नाही."

त्यांनी गिटारची वायर अ‍ॅम्पच्या स्पीकरला जोडली, आवाज पूर्ण वाढवला आणि मला तारांवरचा हात काढायला सांगितलं. "आता ऐक. स्वस्त गिटार इथे उघडी पडते. नुसती घरघरते."

ही घरघरली नाही. अगदी शांत. मग काकांनी पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या सूर पकडणाऱ्या पट्टीवर, टिचकी मारली आणि अ‍ॅम्पमधून टक असा आवाज आला.

"जुन्या पिकअपांचं आतलं मेण सुटतं, मग आजूबाजूचं ऐकायला लागतात. जवळ तोंड नेऊन बोललीस तर तेही अ‍ॅम्पमधून येईल."

"म्हणजे खराब आहे?"

"खराब कशाला? तिखट कानाची आहे."

मी ती घेतली. छोटा अ‍ॅम्प त्यांनी वापरायला दिला.

रविवारची दुपार होती. बाबा दिवाणखान्यात चहा घेत होते, आत्या खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होती. मी पिशवीची चेन उघडली. आत्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि तिच्या हातातलं वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

"कुठून आणलीस?"

"घेतली. माझ्या पगारातून."

"ते नाही विचारलं." तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "मागे… मागे चरा आहे का?"

गिटार मी पालथी केलीच नव्हती.

"आहे," मी म्हणाले. "तुला कसं माहीत?"

"आत्ताच्या आत्ता परत देऊन ये."

"का?"

"का म्हणजे? मोठ्या माणसांनी सांगितलं की ऐकायचं."

बास. बावीस वर्षं हेच उत्तर. मी वायर जोडली आणि अ‍ॅम्प चालू केला.

तारांना माझा हात लागलेला नव्हता. तरी अ‍ॅम्प घरघरायला लागला. दुकानात ऐकली नव्हती अशी घरघर. मध्येच चढायची, मध्येच तुटायची, पुन्हा कष्टानं चढायची.

"अर्थिंग नसेल," बाबा कपाकडे बघत म्हणाले. 

मी गिटार गळ्यात अडकवून उठले. खिडकीकडे गेले तर घरघर कमी झाली. मागच्या खोलीच्या दाराकडे वळले तशी वाढली. एक पाऊल टाकलं, आणखी वाढली. दारापाशी पोचले तेव्हा ती घरघर राहिली नव्हती. कुणीतरी दाराच्या पलीकडे, अगदी फळीला तोंड लावून, श्वास ओढत होतं. बंद खोलीचा कुबट वास आला, आणि त्यात कसल्यातरी औषधाचा.

टक टक टक.

दारावर नाही. दार हललंसुद्धा नाही. आवाज अ‍ॅम्पमधून आला.

"बंद कर ते," आत्या म्हणाली.

टक टक टक. आणि मग अगदी हळू, तुटक, एका तरुण मुलीचा आवाज.

"चिमण्या… ताईला सांग ना… दार…"

आमच्या घरात चिमण्या कुणी नाही. पण माझे चौपन्न वर्षांचे, टक्कल पडलेले बाबा खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांचं तोंड उघडलं.

"ओ देऊ नकोस," आत्या म्हणाली. बाबा तसेच खाली बसले. बारा वर्षांच्या मुलासारखे.

मला भीती वाटली का? वाटली.  पण भीतीच्या वर राग होता, आणि तो भीतीला वर येऊ देत नव्हता.

"कोण आहे ही?"

मी बाबांकडे वळले.

"बाबा, कोण आहे?"

"मधली," बाबा म्हणाले. "माझी मधली बहीण. टायपिस्ट होती. एकोणीस वर्षांची. पहिल्या काही पगारांतून ती गिटार घेतली होती… त्या दिवशी संध्याकाळी तिचा कार्यक्रम होता. आमच्या वडिलांना ते पसंत नव्हतं. खोलीत घातलं आणि कडी लावली. म्हणाले, नाटकं करेल, दार वाजवेल, कुणी ओ द्यायची नाही."

"आणि?"

"तिला दमा होता." त्यांनी चष्मा काढला. "गोळ्या इथे फळीवर होत्या. माझ्यासमोर. मी भूगोलाचा नकाशा रंगवत होतो. ताई दारापाशी खुर्ची टाकून बसली होती. बराच वेळ वाजत होतं. मग थांबलं. आम्हाला वाटलं, झोपली."

आत्या ताठ बसून होती. "वडिलांचा शब्द होता," ती म्हणाली. "त्यांच्या शब्दाबाहेर कोण जाणार होतं?"

"आणि त्यांच्यानंतर? ते जाऊन वीस वर्षं झाली, आत्या. मला कुणी सांगितलं लाकूड फुगतं म्हणून?"

अ‍ॅम्पमधला श्वास लहान लहान होत चालला होता. दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. या घरात बेचाळीस वर्षं हेच चाललं होतं आणि माझी माणसं शेजारी बसून चहा पीत होती.

"…चिमण्या…"

"नको," आत्या पुटपुटली. "पोरी, तुला हात जोडते. ओ दिलीस तर ती…"

"ओ," मी म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले. म्हणत म्हणतच कडी काढली आणि दार ढकललं.

आत बॅगा होत्या, खाट होती, मोडका पंखा होता. कुणी नव्हतं. अ‍ॅम्प एकदम शांत झाला, दुकानात होता तसा. मी खिडकी उघडली. मग वायर काढली, गिटार खाटेवर ठेवली, आणि दार उघडंच ठेवून बाहेर आले.

त्यानंतर दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं होतं. छापखान्यात काम तुंबलं होतं, मी गिटारला बोटसुद्धा लावलं नाही. बुधवारी सकाळी, मी निघायच्या आधी, दोघांनी मला समोर बसवलं. आत्यानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या होत्या.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "आज ती गिटार दुकानात परत जाईल आणि त्या खोलीला कुलूप लागेल. तुला हवी तर दुसरी घे, नवी घे, मी पैसे देते. वाद नको."

बाबा म्हणाले, "आत्याचं वय बघ, बाळा. ऐक एवढं."

मी आत जाऊन गिटार उचलली, फ्रेटवरून एकदा बोट फिरवलं आणि ती आणून टेबलावर, किल्ल्यांच्या शेजारी ठेवली.

"आणली तेव्हा पहिले तीन फ्रेट झिजलेले होते," मी म्हणाले. "फक्त तीन. सोल्डरकाकांना विचारा, त्यांनी बोट फिरवून दाखवलंय. ही अशी खाच पडायला महिनोन् महिने घोटावं लागतं. आत्या, बोट दे."

तिनं हात मागे घेतला. मी तो धरला आणि तिचं बोट चौथ्या फ्रेटवर ठेवलं. तारांच्या खाली, जिथे रविवारपर्यंत धातू कोरा होता, तिथे तिचं नख खाचेत अडकलं.

"ती पुढचं शिकतेय," मी म्हणाले. "गिटार परत जाणार नाही. त्या खोलीला कुलूप लागणार नाही, कडीसुद्धा लागणार नाही. आणि यापुढे या घरात कुणी हाक मारली तर मी ओ देणार. तुम्ही सांगितलंत तरी देणार."

मी वाट पाहिली. मोठ्या माणसांनी सांगितलं की ऐकायचं, हे वाक्य येईल म्हणून. आलं नाही. आत्या स्वतःच्या बोटाकडे बघत राहिली.  बाबांनी हात पुढे केला आणि चाचपडत, दिसत नसल्यासारखं, चौथ्यावरून पाचव्या फ्रेटवर बोट सरकवलं.

आणि तिथल्या खाचेत ते थांबलं.