कापडाखालचे दोन डबे

लिफ्टने तिला चुकीच्या मजल्यावर सोडलं, एवढाच काय तो योगायोग. बाबांचा चष्मा दुसऱ्या मजल्यावर तयार होता आणि दार उघडलं ते तिसऱ्यावर. ती परत आत वळणार, तेवढ्यात समोरच्या अर्धवट उघड्या दारातून कुणी बाई गायला लागली... इतक्या जवळून, की तिने दचकून माफी मागायला तोंड उघडलं.

आत बाई नव्हतीच. दोन उंच स्पीकर होते आणि त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून बसलेला एक माणूस होता.

“आत या किंवा बाहेर थांबा,” तो डोळे न उघडता म्हणाला, “पण दार तेवढं लावा. आवाज सांडतोय.”

ती आत गेली आणि दार लावलं. आता, अनोळखी दुकानात शिरणारी ही मुलगी नव्हे. भाजीवाल्याच्या तराजूकडे ती अशी बघायची की तो आपणहून दोन टोमॅटो जास्त टाकायचा. बाबा तिला घरात फौजदार म्हणत. त्यात तिचा धंदाही तसलाच — दवाखान्यात कान तपासायचे. ठार बहिरे आजोबा तिथे येऊन “मला सगळं ऐकू येतं” म्हणून भांडायचे आणि धडधाकट माणसं रजेच्या कागदासाठी बहिरी व्हायची. दिवसाला आठदहा जण तिच्याशी खोटं बोलत, आणि ती ते पकडून, तारीख-वार-वेळ घालून वहीत लिहून ठेवी. अशा मुलीला कुणाचं काही पटकन खरं वाटेल, ही अपेक्षाच चुकीची.

“हा आवाज कशातून येतोय?” तिने विचारलं.

त्याने डोळे उघडले. हसला. फार छान हसला, आणि तिथेच ती सावध झाली.

“संगणकातून. म्हणजे संगणकात नुसते आकडे असतात हो. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा डबा मध्ये लागतो. डॅक म्हणतात त्याला.”

डॅक! हाच शब्द दादा महिनाभर फोनवरून तिच्या डोक्यात कोंबत होता. गेल्या वर्षी दादाने बाबांसाठी नवा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर आणून बसवले होते, आणि ‘संगणकाचा आवाज टाकाऊ, चांगला डॅक घे’ हे त्याचं पालुपद चालू होतं. तिने तसं सांगितलं.

“अ‍ॅम्प्लिफायरचा पाठीमागून फोटो आहे?”

होता. दादाने वायरी जोडताना काढून पाठवलेला. समोरच्या माणसाने फोटो मोठा केला, बोट एका कोपऱ्यात नेलं... आणि थांबला. फार वेळ नाही. पण खोटं बोलणारे लोक नेमके तेवढेच थांबतात, हे तिला रोजच्या सरावाने ठाऊक होतं.

“काय झालं?”

“काही नाही,” तो म्हणाला. फोन परत देताना त्याचे कान लाल झाले होते. “छान आहे तुमचा अ‍ॅम्प्लिफायर. तुम्हाला... सावकाश निवडावं लागेल.”

झालं! मोठं गिऱ्हाईक सापडलं म्हणून खूश झाला असणार. तिने मनातल्या मनात त्याचं नाव गोडबोल्या ठेवून टाकलं.

“हे बघा,” ती म्हणाली, “माझा तुमच्यावर काडीचाही विश्वास नाही.”

“आत्ताच तर भेटलोय आपण.”

“म्हणूनच. तुम्ही महागाचा डबा पुढे कराल आणि मला तोच गोड वाटेल. मी न बघता निवडणार. माझ्या घरी, माझ्या कानांनी.”

“मग कापडाखाली ठेवू,” तो म्हणाला. “दोन डबे, एक कापड. तुमच्या हातात फक्त दोन बटणं, ए आणि बी. कापड उचलायचं नाही. चालेल?”

चालेल काय, पळेल! दवाखान्यातही ती कान तपासताना बटणावरचा आपला हात पेशंटला दिसू देत नसे. पहिल्यांदाच कुणी तिच्या भाषेत बोलत होतं. आणि याचाही तिला संशय आलाच.

शनिवारी पाच वाजता गोडबोल्या दोन खोकी आणि वायरींची भेंडोळी घेऊन हजर झाला. बाबांनी नकाशे काढण्यात हयात घालवलेली, त्यामुळे त्यांना वाकून बघायची फार हौस. पण तिने त्यांना खोलीबाहेर काढलं. “बाबा, कुणीही कापड उचलायचं नाही. तुम्ही तर अजिबात नाही.” ती स्वतः पाठ करून उभी राहिली. मागे पाऊण तास खुडबुड चालली होती. मग त्याने तिच्या हातात छोटीशी पेटी दिली. दोन बटणं. दाबलं की टिक्, आणि हिरवा दिवा.

तिने ए दाबलं. गाणं लागलं. तो दाराजवळच्या स्टुलावर बसला, डोळे मिटून, अंगठ्याने बोटांच्या पेरांवर ताल मोजत. त्याचे डोळे मिटलेले असल्यामुळे तिला त्याच्याकडे हवं तेवढं बघता आलं. हे शास्त्राला धरून नव्हतं, पण वहीत तिने एवढंच लिहिलं — ‘शनिवार, सायंकाळी ५.५०. ए. आवाज भरदार. गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येतो.’

“मग? ए की बी?” त्याने विचारलं.

“एका दिवसात सांगायला मी काय वेडी आहे?”

“नाही. मला वाटलंच होतं.” आणि तो पुन्हा तसाच हसला. “पुढच्या शनिवारी येऊन बघू का... वायरी ठीक आहेत ना ते?”

सोमवारी तिने एकटीने ऐकलं. ‘बी. कोरडा.’ मंगळवारी, ‘ए. कोरडा. कालच्यासारखाच.’ गुरुवारी नुसतंच ‘कंटाळवाणा’. पुढच्या शनिवारी तो आला, बाबांनी चहा केला, बाहेर पाऊस रिपरिपत होता, आणि बी असा काही वाजला की तिने अर्धं पान भरलं.

“तुम्ही काय लिहिता एवढं?”

“तुमच्याविरुद्ध पुरावा.”

“दाखवा ना.”

“हात बाजूला घ्या.”

त्याने हात बाजूला घेतला, पण सावकाश. त्या सावकाशपणाचा तिने रात्रभर विचार केला. असं प्रत्येक गिऱ्हाइकाकडे करत असेल का? स्टुलावर बसून डोळे मिटणं, कपबशी स्वतः विसळून ठेवणं, ‘आज दमलेल्या दिसता’ असं हळूच विचारणं... हे सगळं डब्याबरोबर फुकट मिळतं का? तिला तो आवडायला लागला होता. उगाच कशाला लपवायचं, चांगलाच आवडायला लागला होता. आणि म्हणूनच तिची झोप उडाली होती. डबा विकला गेला की माणूस वळूनही बघणार नाही, ही भीती तिला डब्याच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठी वाटत होती.

तिसऱ्या शनिवारनंतर तिने त्याला फोन करून मुद्दाम सांगितलं, “मी आता निवडते. या आठवड्यात संपवून टाकू.”

पलीकडून तो म्हणाला, “घाई कशाला? अजून दोन आठवडे ऐका की.”

दुकानदार आणि घाई नको म्हणतो? कुठेतरी नक्की पाणी मुरत होतं. बुधवारी दवाखान्यातून ती लवकर घरी आली, पर्स खुर्चीवर टाकली आणि सरळ कापड ओढलं.

खाली दोन डबे होते. दोन्ही खोक्यात. दोन्ही खोकी सीलबंद, चिकटपट्टीला नखही लागलेलं नव्हतं. बटणांच्या पेटीतला दिवा आतल्या सेलवरच लागत होता; तिची वायर खोक्यांच्या मागे जाऊन नुसतीच गुंडाळून ठेवलेली होती, कशालाच न जोडता. आणि संगणकातून निघालेली एकच वायर थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीत शिरली होती.

म्हणजे तीन आठवडे तिने ए-बी, ए-बी केलं ते कशामध्ये? कशामध्येच नाही!

“बाबा!”

बाबा दारात आले. कापडाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. “उचललंस एकदाचं? मी पहिल्याच रविवारी बघितलं होतं.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“कापड उचलायचं नाही असं तूच बजावलं होतंस. कुठल्या तोंडाने सांगणार?”

दोन्ही खोकी पिशवीत कोंबून ती निघाली. पाऊस पडत होता. छत्री एकच, आणि ती तिने खोक्यांवर धरली. स्वतः निथळत तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा आपण त्या लबाडाचा माल कोरडा ठेवला, याचा तिला आणखी राग आला.

गोडबोल्या एकटाच होता. पिशवी बघितली आणि त्याचा चेहरा पडला.

“काय समजता काय स्वतःला?” तिने खोकी टेबलावर आपटली नाहीत, नीट ठेवली, पण आवाज आपटला. “दिवसभर मी लोकांचं खोटं पकडते. आणि तुम्ही माझ्याच घरात, माझ्याच नाकासमोर...! हसत होतात ना घरी जाऊन?”

“नाही हो. एकदाही नाही.”

“मग काय होतं हे?”

त्याने स्टूल तिच्याकडे सरकवलं. ती बसली नाही. मग तोही उभाच राहिला.

“तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच डॅक आहे,” तो म्हणाला. “चांगला आहे. आमच्या दुकानातल्या या दोघांपेक्षा तसूभरही कमी नाही. तुमच्या दादाने वायर चुकीच्या भोकात घातली होती, बस. फोटो बघताक्षणी कळलं मला. तेव्हाच सांगायला हवं होतं, ‘बाई, तुम्हाला काही लागत नाही, वायर बदला आणि जा.’”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही गेला असतात.”

पाऊस खिडकीवर वाजत होता. तो खोक्यांकडे बघत पुढे बोलू लागला.

“दर शनिवारी ठरवून यायचो, की आज सांगायचं. आणि तुम्ही वही उघडून बसायचात, पेन्सिल दातात धरून... जीभच रेटायची नाही. मला तुम्हाला काही विकायचं नव्हतं. मला फक्त शनिवार हवा होता. मला तुम्ही आवडता. खोटं बोललो ते चुकलंच, त्याची माफी मागतो.”

तिला वाटलं होतं, आपण विजयी मुद्रेने परत जाऊ. इथे तर पाय जागचे हलेनात. पण फौजदार ती फौजदारच. “हे सगळ्या गिऱ्हाइकांना सांगता?”

“सगळ्यांना माल विकतो. तुम्ही एकट्याच, ज्यांना मी तीन आठवडे खपून काहीही विकलेलं नाही. मालकांना विचारा, ते रोज उद्धार करतात माझा.”

“शब्दांवर माझा विश्वास नाही. मी पुरावा बघते.” तिने तावातावाने वही काढली. “हे बघा. माझ्या कानांना फरक ऐकू आलाय! रोजच्या रोज लिहिलंय. काहीतरी बदलत होतं. तुम्ही वायरीत काहीतरी करत होतात, कबूल करा.”

त्याने वही घेतली. वाचायला लागला. एक पान, दुसरं पान... आणि मग तो फार हळू पानं उलटू लागला. अंगठा ओळींच्या कडेने, तारखांवरून खाली खाली सरकत होता.

“ए भरदार, शनिवार,” तो वाचू लागला. “बी कोरडा, सोमवार. ए कोरडा, मंगळवार. कंटाळवाणा, गुरुवार. बी... ‘जणू खोलीत कुणी दिवा लावला’, शनिवार.” त्याने पान उलटलं. “ए कोरडा, रविवार. ए आणि बी दोन्ही अप्रतिम, शनिवार.”

त्याने वही तिच्यापुढे धरली.

“शनिवारी मी कशालाही हात लावत नव्हतो,” तो म्हणाला. “नुसता स्टुलावर बसायचो.”

तिने वही ओढून घेतली. वाचली. तिचंच अक्षर, तिच्याच तारखा, आणि तीन आठवड्यांत एकाही ओळीचा अपवाद नाही. तिने आयुष्यात एवढा स्वच्छ निकाल कधी बघितला नव्हता. आतापर्यंत ती त्याचं खोटं शोधत बसली होती, आणि तिचं स्वतःचं खरं काय ते सगळं इथे पेन्सिलने लिहून ठेवलेलं होतं. कानापासून गळ्यापर्यंत ती लाल झाली.

“कानाचं काही खरं नसतं,” ती पुटपुटली.

“तुमच्या कानांवर माझा पूर्ण विश्वास आहे,” तो म्हणाला. यावेळी तो हसला नाही. त्याचे कान पुन्हा पहिल्या दिवसासारखे लाल झाले होते, आणि ते बघून तिचा उरलासुरला राग कुठल्या कुठे गेला.

दोघं छत्रीतून तिच्या घरी गेले. छत्री अजूनही एकच होती, पण आता खाली धरायला खोकी नव्हती. बाबांनी दार उघडलं, दोघांकडे पाहिलं आणि काही न विचारता चहाचं आधण ठेवायला गेले. तिने कापड घडी करून कपाटात टाकलं, बटणांची पेटी त्याच्या हातात दिली आणि गाणं लावलं. तो स्टुलाकडे निघाला होता. तिने सोफ्यावर बाजूला सरकून जागा केली.

त्याने डोळे मिटले नाहीत. तिनेही नाही. गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही.

मग तिने वही उघडली आणि लिहिलं — ‘बुधवार, सायंकाळी ६.२०. बटण नाही. आवाज—’ पुढचा शब्द लिहिण्याआधी तिने त्याच्याकडे संशयाने पाहिलं.

“काय लिहिताय?” त्याने विचारलं.

“एका बुधवारवरून काहीच सिद्ध होत नाही,” ती म्हणाली. “उद्या गुरुवारी पण ये.”