गर्दीतली मराठी

चिदंबरचा डबिंग स्टुडिओ कीळवासलला, म्हणजे शहराच्या पूर्ववेशीला, मोबाइलच्या दुकानावर. एक खोली, भिंतींना गाद्या, रेकॉर्डिंगला पंखासुद्धा बंद. टीव्हीसाठी स्वस्तात काढलेले परदेशी सिनेमे तो तमिळमध्ये आणतो. प्राणी म्हणजे अर्धी मगर, अर्धं वटवाघूळ. आधी मासेमार मरतो, मग प्रेमात पडलेली दोघं, शेवटी पोलीस. क्रम मला पाठ आहे. मी भागीरथी, तालुका कचेरीतून निवृत्त. पळणाऱ्या गर्दीचा आवाज देते. पडद्यावर साठ माणसं, माइकपुढे आम्ही तिघं.

“मामी, काहीही ओरडा,” चिदंबर म्हणाला. “शब्द तेवढे कळू नयेत.”

“मग मराठी बोलते. तुम्हाला काय कळणार!”

पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात टिकलेली आमची ही मराठी घरी तरी कुणाशी बोलणार? मुलगी वासुकी फोनवर इंग्रजीत उत्तर देते, तेही दुसरं काहीतरी करता करता. म्हणून मगर अंगावर येताना मी जिवाच्या आकांताने ओरडले, “अगो, जेवलीस का?”

रविवारी दुपारी सिनेमा लागला. गर्दी पळाली, माझा प्रश्न आला. मगरीने जबडा उघडला. घरघरीतून स्पष्ट ऐकू आलं, “नाही.”

मी चिदंबरला फोन केला.

“प्राण्याचा आवाज मूळ सिनेमातलाच, मामी. त्याला आम्ही हात लावत नाही.”

पुढचा प्राणी अर्धा शार्क, अर्धा विंचू. मी ओरडले, “मग घरी ये की! दह्यातली डांगर पचडी केलीय!” आणि जरा थांबले. उत्तराला जागा नको?

“मामी, पळणारी गर्दी थांबत नाही,” चिदंबर हसला. पण जागा राहू दिली.

तो सिनेमा लागला तेव्हा मी टीव्हीपुढे पान मांडून जेवत होते. शार्कने नांगी उचलली.

“आलोय.”

आवाजामागे टकटक होती. पंख्याच्या दर तिसऱ्या फेऱ्याला एक.

मी वर पाहिलं. माझाच पंखा असा टकटकतो.

उठून बटण बंद केलं.

टीव्हीतली टकटक मंदावली. थांबली.

आता पोलीस मरायचा होता. मरत नव्हता. शार्क त्याच्याकडे बघतच नव्हता.

“लाव की, अक्का,” शार्क हळूच म्हणाला. “उकडतंय.”

किती वर्षांनी कुणी माझ्याकडे आपल्या बोलीत काही मागितलं.

मी पंखा लावला. दुसरं केळीचं पान मांडलं. त्यावर शिंपडायला पाणी घेऊन वळले, तर पान आधीच ओलं होतं.